गावचा माणूस हवा

रांग क्रोएशियाच्या दूतावासाच्या पायऱ्या उतरून पार कोपऱ्यापर्यंत गेली होती. ब्याण्णव सालातला ऑगस्ट, रविवार. सुनीतीने यास्नाला साउथहॅम्प्टनहून गाडीने लंडनला आणलं होतं. दोघी एकाच हॉस्पिटलमध्ये कामाला, सुनीती एक्स-रेमध्ये, यास्ना वॉर्डांच्या सफाईवर. सुनीतीची सोळा वर्षांची मीनल हट्टाने सोबत आली होती. लढाई चालू असताना क्रोएशियाची माणसं राष्ट्राध्यक्ष कसा निवडतात, हे तिला बघायचं होतं.

कोपऱ्यावर एक बाई प्रचाराची पत्रकं वाटत होती. मीनलने दोन घेतली.

"आई, तिथे तर बॉम्ब पडतात. मग हे लोक कॅम्पेन कसं करतात?"

"मला काय विचारतेस? तिला विचार."

मीनलने इंग्रजीत विचारलं. यास्ना हसली.

"भाऊ सांगतो, सभा तळघरात होते. उमेदवार बोलायला लागला की दिवे जातात. पण तो थांबत नाही. भाऊ म्हणतो, अंधारच बरा. टाळ्या कोण वाजवत नाही ते दिसत नाही."

तासाभराने तिघी मतदारयादीच्या टेबलापाशी पोचल्या. तिथल्या तरुणाने यास्नाचा पासपोर्ट पाहिला, याद्या दोनदा चाळल्या आणि मान हलवली. यास्नाने मायलेकींना इंग्रजीत सांगितलं, "आमच्या गावची यादी जळली. मला ओळखणारा गावचा माणूस हवा."

"मग आता?" सुनीतीने विचारलं.

यास्ना रांगेकडे वळली आणि मोठ्याने गावाचं नाव पुकारलं. बोलणं थांबलं. कोणी हललं नाही. तिने पुन्हा पुकारलं.

मागून एक म्हातारा टोपी हातात धरून पुढे आला. तिला त्याने आधी नीट न्याहाळलं. त्याचे प्रश्न आणि आपली उत्तरं यास्ना मीनलला इंग्रजीत सांगत राहिली.

"शाळेसमोर काय होतं?"

"बेकरी."

"बेकरीवाला कसा होता?"

"चोर. पाव नेहमी वजनाला कमी."

म्हातारा मोठ्याने हसला. हसता हसता त्याने टोपीने डोळे पुसले आणि टेबलाकडे वळला.

"लिहून घ्या. ही आमच्याच गावची. तो बेकरीवाला माझा भाऊ होता."

"होता?" यास्नाने विचारलं.

"होता," म्हातारा म्हणाला.

तरुणाने फॉर्म पुढे केला. यास्नाने सावकाश पत्ता लिहिला. रस्त्याचं नाव, घर नंबर चौदा, वरचा मजला. मीनल खांद्यावरून वाचत होती. ते घर गेल्या नोव्हेंबरात तोफांनी पडलं, हे येताना गाडीत यास्नानेच सांगितलं होतं. तरुणाने काही न विचारता पत्त्यावर शिक्का मारला.

ती पडद्यामागे गेली, मत देऊन आली. सुनीतीने गाडीच्या किल्ल्या काढल्या. पण यास्ना पुन्हा टेबलापाशी जाऊन उभी राहिली आणि तिने काहीतरी मागितलं.

"मतपत्रिकेची कॉपी कोणालाच देत नाही," तो तरुण इंग्रजीत म्हणाला, सगळ्यांना कळावं म्हणून.

"मतपत्रिका नकोय," यास्नाही इंग्रजीतच म्हणाली. "त्या पत्त्याच्या कागदाची द्या. शिक्का नीट दिसेल अशी."