कोटाचं माप

हिवरखेडची प्रणाली कबड्डीची पंच झाली आणि तिला पहिल्यांदाच राष्ट्रीय स्पर्धेचं बोलावणं आलं. उद्घाटनाला अंगावर कोट हवा, आणि तोही आपल्या पसंतीनं शिवलेला, असं तिनं मनाशी पक्कं केलं. नवऱ्याला, म्हणजे कुलदीपला, सोबत घेऊन ती अकोल्यातल्या एका जुन्या टेलर मास्तरांकडे गेली.

तिनं विटकरी कापडावर हात ठेवला. मास्तरांनी कुलदीपकडे पाहिलं. "काय म्हणता भाऊ, हा रंग चालन का?"

"डार्क निळा दाखवा. मळत नाही तो," कुलदीप म्हणाला.

"मले आतून खिसा पाह्यजे, शिट्टी ठेवाले," प्रणालीनं सांगितलं.

"भाऊ, लेडीज कोटाले आतून खिसा नसते," मास्तरांनी कुलदीपलाच समजावलं. त्यानंही मान डोलावली.

मग बटणं किती, अस्तर कसलं, मागून कट ठेवायचा की नाही, सगळं त्या दोघांतच ठरत गेलं. प्रणाली मध्ये बोलायला गेली की कुलदीप म्हणायचा, "तू थांब वं, मी बोलून राहिलो ना त्यायच्याशी!"

अखेर मास्तरांनी गळ्यातली टेप काढली आणि ते पहिल्यांदाच तिच्याकडे वळले. "या ताई, अशा उभ्या राहा. माप घेतो."

प्रणालीनं जागेवरूनच कुलदीपकडे बोट केलं.



"माह्यं काहून, मास्तर? माप बी यायचंच घ्या ना!"