माहुताची नागीण

कागदावर जनुकीय अक्षरांच्या दोन ओळी होत्या. वरची हत्तीच्या मेलेल्या पिल्लात सापडलेल्या विषाणूची, खालची माणसाला नागीण आणणाऱ्या विषाणूची. जुळणारी अक्षरं संशोधक बाईंनी पिवळी केली होती.

माहूत सोमा मडावीनं सदरा वर केला. कमरेवर नागिणीचे वाळते फोड, त्यांवर गेरूचा लेप.

"पिल्लाले मीच दूध पाजत होतो जी. माह्याच नागिनीनं मारलं ना त्याले?"

"नाही, सोमाभाऊ." बाईंनी बाकीची पानं पसरली. त्यांवर पिवळं जवळजवळ नव्हतंच. "दोन्ही विषाणू वेगळे. फक्त हा पिवळा तुकडा सारखा राहिलाय, माणूस नव्हता, हत्ती नव्हता तेव्हापासून. त्याच्याशिवाय विषाणू वाढूच शकत नाही."

सोमानं सदरा खाली सोडला. बाहेर दुसरं पिल्लू सकाळपासून दुधाला तोंड लावत नव्हतं.

गेरूवर भिस्त ठेवून त्यानं दवाखान्यातून नागिणीसाठी मिळालेल्या पट्टीतल्या चार गोळ्या तशाच ठेवल्या होत्या. ती पट्टी त्यानं खिशातून काढून पिवळ्या अक्षरांवर ठेवली.

"ह्यानं विषाणूची वाढ थांबते, असं डॉक्टर म्हने. मंग बाहेरच्या पिल्लाले चालन का जी?"

बाई मेलेल्या पिल्लाचा अहवाल लिहायला आल्या होत्या. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"दुसऱ्या पिल्लाचं वजन किती?"