करकरणारं दार

सांगून सांगून काकूंची जीभ झिजली, तरी काकांनी स्वयंपाकघराच्या दाराला तेल घातलं नाही. शेवटी काकूंनी ती करकर मोबाइलवर टिपून इंटरनेटवर टाकली. खाली लिहिलं, ‘कुणीही फुकट वापरा, फक्त माझं नाव द्या.’

“नाव देतंय कोण? फुकट्यांचं जग आहे!” काका हसले होते.

आज भुताच्या सिनेमात तेच दार करकरलं आणि अख्खं थिएटर किंचाळलं. एकट्या काकू खुदकन हसल्या. सिनेमा संपताच काका उठले.

“अहो, बसा खाली. नावं येऊ देत.”

थिएटर रिकामं झालं, तेव्हा कुठे ती ओळ वर सरकली. ‘दाराचा आवाज’, आणि पुढे काकूंचं नाव, आडनावासकट! काकूंनी उभं राहून स्वतःसाठी टाळ्या वाजवल्या.

काका मात्र तावातावाने म्हणाले, “आणि इतकी वर्षं तेल न घालणाऱ्याचं नाव कुठंय?”