पडद्यावरची वाफ

दुपारी शेवटचे उतारू उतरले आणि कंडक्टरबाई जंतुनाशकाचा पंप घेऊन बसमध्ये चढल्या. साथ आल्यापासून हे कामही त्यांच्याच गळ्यात पडलं होतं.

"बाई, मागे कोणी राहिलंय का?" ड्रायव्हरने आपल्या प्लास्टिकच्या पडद्याआडून विचारलं.

"कोणी नाही."

"मग ही वाफ कसली?"

पडद्याजवळ कोणीच नव्हतं, तरी त्यावर बाईंच्या बाजूने श्वासाची वाफ धरत होती, विरत होती, पुन्हा धरत होती. ड्रायव्हरने आपल्या बाजूचं दार उघडलं. "उतरा खाली. गाडी इथंच सोडू."

बाईंचं डोकंच फिरलं. घरी दम्याची सासू होती. तिला जपत, लोकांच्या शिव्या खात त्यांनी ही बस चालू ठेवली होती. त्या तडक वाफेसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"कोण असाल ते असा," त्या म्हणाल्या, "माझ्या गाडीत मास्कशिवाय बसायचं नाही." त्यांनी एक कोरा मास्क पुढे धरला.

तो त्यांच्या बोटांतून अलगद काढून घेतला गेला. पडद्यावरची वाफ विरली. हवेत अधांतरी मास्क फुगू लागला, बसू लागला.

"घ्या गाडी," बाई म्हणाल्या.

तोच मागच्या रिकाम्या सीटांवरून, एकामागून एक, खोकल्याचे आवाज येऊ लागले.

बाईंनी मास्कचं अख्खं पाकीट फोडलं आणि त्या मागे निघाल्या.