चढी बोली

शेळी लिलावाला उभी राहिली, तेव्हा अनीश पहिल्या ओळीत येऊन उभा राहिला होता.

चर्चच्या अंगणात हंगामाच्या उपकारस्तुतीचा लिलाव रंगात आला होता. लोकांनी सकाळी वेदीपाशी आणून ठेवलेली बाजरी, भोपळे, कोंबड्या एकेक करून विकल्या जात होत्या. चर्चचे गळके पत्रे यंदा बदलायचे होते. लिलाव पुकारत होते मंडळीचे पंच कल्याणकाका. अंडं हातात धरलं तरी ते हत्ती विकल्यासारखे बोलत.

शेळी अनीशच्या आईची होती. सत्यशीलाबाईंचं घर तिच्या दुधावर चालायचं. अनीश पैसे पाठवी, पण हातपाय चालतात तोवर लेकाचं खायचं नाही, असा त्यांचा बाणा. शेळी देवाला देतेय, असं त्यांनी फोनवर सांगितलं, तेव्हा अनीशचं डोकंच फिरलं. मग खाणार काय, असं त्यानं विचारलं. बाई म्हणाल्या, देव बघेल.

अनीश शुगर फॅक्टरीच्या लॅबमध्ये केमिस्ट होता. उसाच्या रसातली साखर दशांश चिन्हापुढे दोन घरं मोजणारा. पगाराचा दहावा भागही तो असाच काटेकोर काढी आणि एक तारखेला मोबाईलवरून मंडळीच्या खात्यात टाकी. त्यात कधी खंड पडला नाही. आईला मात्र त्याचं कौतुक नव्हतं. "देवाला तू लाइटबिल भरल्यासारखं देतोस," ती म्हणायची. यावर त्याचं उत्तर ठरलेलं होतं. बिल वेळेवर भरणारा माणूस वाईट नसतो.

सकाळी चर्चला येताना त्यानं तिला सांगून टाकलं होतं, शेळी मी परत आणणार.

"देवाला दिलेलं परत कसं आनशील?"

"विकत घेऊन."

"घे की. लिलाव मंडळीतल्या सगळ्यांसाठी हाय."

त्यानं पहिली बोली लावली ती बाजारभावाची. कल्याणकाकांनी भुवया उंचावल्या. आईची शेळी लेक घेतोय, कुणाची हरकत हाय का, असं त्यांनी विचारलं. लोक हसले. हरकत कुणाचीच नव्हती.

"पाचशे वर," बायकांच्या बाजूनं आवाज आला.

अनीशनं वळून पाहिलं. पुष्पावतीमावशी. शेजारच्याच. रोजानं कांदे काढायला जाणाऱ्या या बाईकडे शेळीचे पैसे आले कुठून? त्यानं बोली वाढवली. मावशींनी फाटकाकडे एक नजर टाकली आणि आणखी पाचशे चढवले.

फाटकाशी आई चहाचं पातेलं सांभाळत होती. तिच्यामागं भिंतीला टेकून सोनईच्या बाजारातला दलाल उभा होता. शेळ्या घेऊन खाटकाला देणारा. अनीशला सगळं उमगलं. दलाल मंडळीतला नव्हता, त्याला इथं बोली लावता येत नव्हती, म्हणून त्यानं मावशींना पुढं केलं होतं.

आता तो मागं हटणार नव्हता.

बोली चढत गेली. कल्याणकाकांना जोर आला. "अहो, ही शेळी हाय का शुगर फॅक्टरी?" असं विचारून ते दोन्हीकडे बघत. शेळी शांतपणे बाजरीचं कणीस खात होती. प्रत्येक बोलीआधी मावशींची नजर फाटकाकडे जाई, आणि प्रत्येक नजरेनं अनीशचा निश्चय घट्ट होई.

नाताळपर्यंत मोटारसायकल घ्यायची म्हणून त्यानं पैसे साठवले होते. ते आता संपत आले, हे त्याला कळत होतं. गंमत म्हणजे त्याचं काहीच वाटत नव्हतं. हिशेब सुटला होता. डोळ्यांसमोर फक्त आईचा रिकामा गोठा होता, आणि तो रिकामा राहू द्यायचा नव्हता.

"माझ्या खात्यात आहे तेवढं सगळं," तो म्हणाला.

मावशींनी फाटकाकडे पाहिलं, मग पदरानं तोंड पुसलं आणि मान खाली घातली. कल्याणकाकांनी तीनदा पुकारून टाळी वाजवली.

पैसे भरताना अनीश हसत होता. कशाला हसतोय, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. लहानपणी विहिरीत पहिली उडी मारून वर आल्यावर असंच वाटलं होतं. दोरी हातात घेऊन तो दलालाशेजारून मुद्दाम सावकाश गेला.

घरी त्यानं शेळी गोठ्यात बांधली. आईनं तिच्यापुढं पाणी ठेवलं.

"शेळी आता तुझी हाय," ती म्हणाली. "तुझं तू बघ."

"माझीच आहे. म्हणून तर तुझ्याकडे ठेवतोय. दूध तू विकायचं."

आईनं त्याच्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग ती पुढच्या दारी गेली.

अनीश दोरीची गाठ पक्की करत होता. तेवढ्यात पुढच्या दाराशी कुणीतरी धपकन बसल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ पुष्पावतीमावशींचा.

"सत्यशीला, पानी दे आदी. आन पुढच्या वर्षी दुसरी कुनी बघ बाई. पातेल्यापाशी हुबी राहून तू आपली नुसती मान हालवीत हुतीस. पोरगं मधीच थांबलं असतं, तर मी कुठनं दिलं असतं?"