खंडेनवमीचं कुंकू

मीटरचं मागचं झाकण निघालं आणि आनंदरावांचा ब्रश हातातच राहिला. रेंज बदलायच्या स्विचवर, सगळ्यात बारीक रेंजच्या पितळी टोकांना हिरवट-लाल थर धरला होता. त्यांनी तो नखानं खरवडला, तर बोटाला कुंकू लागलं.

आनंदराव तपासणीला होते ती वागळे इस्टेटमधली कंपनी बंद झाली तेव्हा हा मीटर त्यांनी भंगारातून मागून घेऊन ठाकुर्लीला घरी आणला होता. सोल्डरचा सांधा पक्का की कच्चा, हे हाच सांगायचा. त्याच्यावर आनंदरावांचा जीव. नवा आला त्या वर्षी खंडेनवमीला त्यांनी स्वतः त्याला हळदकुंकू वाहिलं, वर नारळाचं पाणीही चांगलं सढळ हातानं शिंपडलं. कुंकू तेवढ्याच वर्षी; पुढे नुसतं फूल.

आणि त्याच दसऱ्यानंतर महिपतचे सांधे नापास व्हायला लागले. बारीक रेंज लागायची ती फक्त त्याच्या कामाला. बावीस वर्षं सोल्डरिंग केलेला माणूस. "साहेब, एकदा मीटर बघा ना," तो अजिजीनं म्हणाला होता.

"मीटर खोटं बोलत नाही, महिपत. तुझा हात बिघडलाय," आनंदरावांनी सगळ्यांदेखत सुनावलं होतं.

टोकांवरच्या त्या थरामुळे चांगला सांधाही कच्चा दिसत होता. आधी पास झालेला एखादा तुकडा लावून पाहिला असता, तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. तेवढंही सुचलं नाही. महिपतला घरी बसवलं, त्याचं काम बाहेरून होऊ लागलं, ती रेंज पुन्हा कुणी लावलीच नाही. बारा वर्षं झाली त्याला. आनंदरावांना स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते माजिवड्याला गेले. महिपत तिथे एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन होता. चार शिव्या मुकाट्यानं ऐकून घ्यायच्या, असं त्यांनी ठरवलंच होतं.

"महिपत, चूक माझी होती रे. मीटरच बिघडलेला होता. मीच बिघडवलेला."

महिपत चिडला नाही. त्यानं दोन्ही हात पुढे धरले, उलटेसुलटे करून पाहिले.

"म्हणजे साहेब, माझा हात चांगला होता?" तो म्हणाला. "मी तर घरची इस्त्रीसुद्धा बाहेर दुरुस्तीला देतो हो."