मागच्या पानाकडे

गोगलगायीच्या शंखाचं वळण उलटं होतं. छापखान्यातून आलेला नमुन्याचा कागद चित्रकार बतूलने खिडकीशी धरून पुन्हा पाहिला आणि यंत्र सुरू करू नका म्हणून सांगितलं.

प्रकाशक सी इद्रीस यांनी कपाळाला हात लावला. शाळा उघडायच्या आत पुस्तक कासाब्लांकाच्या दुकानांत जायला हवं होतं. त्यांनी तिला समजावलं. अरबी पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचायचं, तेव्हा प्राण्यांची तोंडंही डावीकडे, पुढच्या पानाकडे हवीत. म्हणून बतूलच्या चित्रांतले उजवीकडे बघणारे सगळे प्राणी त्यांनी आरशात दिसावेत तसे फिरवून घेतले होते.

"उंट फिरवला, करकोचा फिरवला, तेव्हा काही बोलला नाहीत, लल्ला बतूल." बाईला मानाने 'लल्ला' म्हणायचं, पुरुषाला 'सी'.

"उंटाचं काही बिघडत नाही, सी इद्रीस. हिचं बिघडतं."

मग डावीकडे जाणारी नवी काढून द्या, ते म्हणाले. त्या बाजूने शंखाचं टोक नीट दिसत नाही आणि हे पान तर शंखाच्या वळणाबद्दलच आहे, ती म्हणाली. एवढं कोण बघतंय, सहा वर्षांची पोरं, असं ते पुटपुटले. तीच बघतात, असं म्हणून तिने कागदाची घडी केली.

"तुम्ही रोज संध्याकाळी खाली गोगलगायी खाता ना? चला. एक जरी उलटी निघाली, तर आहे तसं छापा."

रस्त्यावर हम्मूच्या हातगाडीवरच्या पातेल्यातून ज्येष्ठमधाची वाफ येत होती. सी इद्रीसनी वाडगा घेतला. टोक स्वतःकडे करा, बतूलने सांगितलं, टोकावर नख ठेवा आणि रेघेवरून बाहेर या. नख घड्याळाच्या काट्यासारखं फिरत बाहेर आलं. तिने कागद उलगडून शेजारी धरला. कागदावर नख उलटं फिरलं.

सी इद्रीस कामाला लागले. टाचणीने मांस काढायचं, खायचं, शंख फिरवून बघायचा. वाडगा संपला. त्यांनी दुसरा मागितला.

"उलटी जन्मतच नाही का?"

"जन्मते. फार क्वचित."

ते जरा सावरून बसले आणि निवडून निवडून शंख उचलू लागले. तिसऱ्या वाडग्याला हम्मूने पळी थांबवली.

"हाजी, माझ्या गोगलगायी खाताय की त्यांची परीक्षा घेताय?"

बतूल कठड्याला टेकून शांतपणे रस्सा पीत होती. शेवटचा शंख सी इद्रीसनी दिव्याखाली नेला, नख दोनदा फिरवलं आणि वाडग्यात टाकला. मग फोन काढून त्यांनी छापखान्याला गोगलगायीचं पान बदलायला सांगितलं. मूळ चित्रच घ्या, उजवीकडे तोंड असलेलं.

"म्हणजे सगळे प्राणी पुढे निघाले," फोन खिशात ठेवत ते म्हणाले, "आणि ही एकटी मागच्या पानाकडे. पोरं विचारणार, ही उलटी का चाललीय."

बतूलने रिकामे शंख रुमालात ओतले, गाठ मारली आणि रुमाल त्यांच्या हातात दिला.

"दुकानांत पुस्तकांशेजारी ठेवा. पोरं नख फिरवून बघतील."